हुंकारा जागेवर पाहिजे

वाशीमला माझ्या नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. खाली बियाणं, खतं, फवारणीची औषधं आणि वरच्या खोलीत माझा जपानी भाषेचा क्लास. जिना एकच. त्यामुळे तुरीवरच्या अळीचं औषध विचारायला आलेला एखादा शेतकरी सरळ वर चढायचा आणि भिंतीवरची अक्षरं पाहून आल्या पावली खाली उतरायचा. उलट जपानी शिकायला आलेली पोरं खालीच नवऱ्याला ॲडमिशनचं विचारायची. तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "अठी फक्त अळ्या मारतात. डोक्स पिकवाचं असन तर वर जा." गेल्या दिवाळीनंतर हा क्लास मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती दिला. आता मी खाली दुकानात बसते आणि वरून तिचं ओरडणं ऐकते. माझ्याहून जास्त ओरडते, म्हणजे चांगली शिकवत असणार.

वाशीमला येण्याआधी बरीच वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते. जपानी इंजिनिअरचा राग मराठीत आणि आपल्या कामगारांचा राग जपानीत, दोन्ही थोडे कोमट करून पोचवायचे, हे माझं काम. एकदा मी रजेवर असताना आमच्या सुपरवायझरनं जपानी साहेबाकडे मोडक्यातोडक्या भाषेत लाईनवरच्या सगळ्यांसाठी दिवाळीची जास्तीची सुट्टी मागितली. साहेब प्रत्येक वाक्याला "हाय, हाय", म्हणजे 'हो, हो', म्हणत मान हलवत होता. सुपरवायझरनं बाहेर येऊन सुट्टी मंजूर झाल्याचं जाहीर केलं, लोकांनी गाड्यांची तिकिटं काढली. साहेबाला तर अजून उत्तरच द्यायचं होतं. तो फक्त ऐकत होता. ते प्रकरण निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले, पण एक गोष्ट कायमची डोक्यात बसली. जपानी माणूस गप्प बसून ऐकत नाही. समोरचा बोलत असताना तो मध्ये मध्ये आवाज देत राहतो, आणि त्या आवाजाचा अर्थ होकार नसतो. 'आहे मी इथं, चालू द्या' एवढाच असतो. ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवली.

सासरे गेले, दुकान पाहायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही वाशीमला परतलो. सुरुवातीला क्लासला दोनच विद्यार्थी होते. एक तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. डॉक्टरांनी त्यांना डोकं चालतं ठेवायला सांगितलं होतं आणि शब्दकोडी त्यांना आवडत नव्हती. दुसरा मंगरूळपीरचा एक मुलगा. तो जपानी कार्टून बघून शिकून आला होता आणि माझ्याशी जुन्या काळच्या तलवारबहाद्दरासारखा बोलायचा. त्याला वाटायचं आपण अस्खलित बोलतो. बोलत होताच, पण मुलाखतीत एका साहेबांना त्यानं जे संबोधन वापरलं, ते तिकडे फक्त मारामारीच्या आधी वापरतात. साहेब सभ्य होते. खुर्चीत मागे रेलून हसू लागले आणि त्यांनी त्याला घेतलंही. मग जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला, कारखान्यांत, शेतात माणसं कमी पडू लागली आणि माझी खोली भरू लागली.

आलेला प्रत्येक माणूस एकच विचारायचा, किती दिवसांत येते? खरं उत्तर दिलं की निम्मे जिन्यावरूनच परत जायचे, कारण तीन महिन्यांत जपानी आणि चौथ्या महिन्यात विमान, असं सांगणारे फलक गावोगावी लागले होते. या प्रश्नाचं नीट उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं, आणि तेही विचारणाऱ्यामुळेच.

शिरपूर जैन या गावाजवळचे गजाननभाऊ मुलीला घेऊन आले होते. त्यांची भाजीपाल्याची शेती. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थोडी हळद. मुलगी शीतल, नर्सिंग झालेली, तेविशीची. गजाननभाऊंनी टोपी मांडीवर काढून ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हे किती दिवसाचं पीक हाय?"

मी खुश झाले. म्हटलं, "भाऊ, यात तीन पिकं आहेत. त्यांची साधी अक्षरं म्हणजे मेथी. रोज पाणी दिलं तर महिन्या-सव्वा महिन्यात हातात येते. बोलणं आणि ऐकणं ही हळद. लावली की बसायचं वाट पाहत, वरून काही दिसत नाही, सगळं जमिनीखाली चालू असतं. आणि त्यांची चित्रासारखी अक्षरं, कांजी म्हणतात, ती संत्र्याची बाग. पहिली काही वर्षं नुसतं जगवायचं. पण हिला कामाला जायला पुरी बाग लागत नाही. मेथी, हळद आणि संत्र्याची चार झाडं, एवढ्यावर भागतं."

"म्हंजे वरीस."

"वर्ष, सव्वा वर्ष. रोज आली तर."

गजाननभाऊंनी मनाशी हिशेब केला. "पुढच्या साली हळद निंगेलोक थांबतो मी. मंग माया हातात नाई. पावने येऊन राह्यले, एक स्थळ तं घरावर बसेल हाय."

शीतल पहिल्यांदाच बोलली. "मले म्हाताऱ्या मानसाईचं कराले आवडते, मॅडम. आमच्या आबाचं मांडीचं हाड मोडलं तवा सा महिने मीच केलं. ते चालाले लागले. अठी त्या कामाले कोनी काम समजत नाई. तठी समजतात म्हने." मग बापाकडे न पाहता म्हणाली, "हळद निंगाच्या आत करतो मी."

शिकवण्याची माझी पद्धत फार शास्त्रीय नव्हती. क्लासमध्ये इंग्रजीला बंदी होती. मराठी माणसाला जपानीची वाक्यरचना फुकट मिळते. क्रियापद शेवटी, 'घरात', 'घराला' असे प्रत्यय शब्दाच्या मागे, मोठ्यांशी बोलायची रीत वेगळी. एवढं घरचं असताना इंग्रजीच्या जिन्यानं चढून मग पलीकडे उतरायचं कशाला? कानासाठी मी आरतीची पद्धत वापरायची. गणपतीत ज्याला आरती पाठ नसते तो काय करतो? शेजारच्याच्या अर्धा शब्द मागे राहून ओढत नेतो, आणि दोन-चार वर्षांत त्याला ती येते, कधी आली ते त्यालाही कळत नाही. मी टेप लावायची आणि पोरांनी टेपच्या अर्धा शब्द मागून बोलायचं. थांबून अर्थ विचारायचा नाही. खाली गिऱ्हाइकं वर बघायची, आणि नवरा सांगायचा की जपानी देवाची आरती चालू आहे.

कांजी मी वावरातून शिकवायची. शेताचं अक्षर म्हणजे बांध घातलेलं चौकोनी वावर, अगदी तसंच दिसतं. त्याच्याखाली ताकदीचं अक्षर लिहिलं की झाला पुरुष, वावरात ताकद लावणारा. एवढं सांगितलं तर शीतलनं हात वर केला. "मॅडम, मंग निंदाले कोन जाते?" सगळा वर्ग हसला. निंदण, म्हणजे तण काढणं, बायकाच करतात हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. ते अक्षर त्या दिवसानंतर कोणीच विसरलं नाही.

शीतल हुशार होती. कधीकधी एस.टी. सुटायची, तर भाजीच्या टेम्पोत बसून यायची, अंगाला मेथीचा वास. भाषेची परीक्षा दिवाळीच्या सुमारास पास झाली, कामाची परीक्षाही झाली. उरली फक्त मुलाखत. संक्रांतीनंतर तिकडच्या एका वृद्धाश्रमाच्या मुख्य बाईंनी माझ्या लॅपटॉपवर तिच्याशी बोलायचं ठरवलं. मी बाजूला, कॅमेऱ्यात न दिसेल अशी बसले.

बाई संथ, स्वच्छ बोलत होत्या. आश्रम कसा आहे, म्हाताऱ्यांना काय आवडतं, हिवाळा किती कडक असतो. शीतल मांडीवर हात ठेवून, नजर खाली, दगडासारखी बसली होती. आपल्या शाळेत मोठं माणूस बोलत असताना असंच बसायला शिकवतात. बाई मध्येच थांबल्या आणि आवाज येतोय का म्हणून विचारलं. शीतलनं हो म्हटलं. बाईंनी तेच पुन्हा, आणखी हळू सांगितलं. शीतल आणखी स्तब्ध झाली. असं तीनदा झालं. शेवटी बाईंनी लहान मुलाशी बोलतात तसे दोन प्रश्न विचारले, शीतलनं दोन्हीची बरोबर उत्तरं दिली, आणि आभार मानून त्या गेल्या. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण भाषा समजत नाही.

"मले सगळं समजून राह्यलं होतं," शीतल म्हणाली. ती रडली नाही, संतापली होती. "एकूनएक शबद समजला, मॅडम. त्याईनच तीनतीनदा काहून सांगतलं?"

मला कारण माहीत होतं. बोलणारा बोलत असताना ऐकणाऱ्यानं आवाज दिला नाही, तर जपानी माणूस घाबरतो. त्याला वाटतं, समोरच्याला कळत नाही, किंवा राग आलाय. त्याला ते आयझुची म्हणतात. मी त्याचा धडा शिकवला होता. पण धड्यातून शिकलेली पोरं दर चौथ्या शब्दाला नंदीबैलासारखी मान डोलवायची, आणि शीतलला मोठ्या माणसासमोर तो धडा आठवलाही नव्हता. तो आवाज कुठे द्यायचा, ती जागा बोलणाऱ्याच्या श्वासात असते. एक श्वास उशीर झाला तर तो थट्टा वाटतो, आधी आला तर घाई. हे पुस्तकातून कसं शिकवणार, मला कळत नव्हतं. चाकणला मी स्वतः ते कधी शिकले, हेही आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शीतल आली नाही. फोनवर म्हणाली, बाबानं पाहुण्यांना बोलावलंय. हळद काढायला आली होती. मी एस.टी.नं शिरपूरला गेले. मुलगी तुमची, निर्णय तुमचा, पण एक मुलाखत अजून द्या, एवढंच गजाननभाऊंना सांगायचं ठरवून गेले होते.

दुपार उतरत होती. अंगणात ओल्या गोणपाटावर मेथीचा ढीग पडला होता आणि सगळं घर सकाळच्या हर्रासासाठी, म्हणजे बाजारातल्या लिलावासाठी, जुड्या बांधत होतं. खाटेवर शीतलचे आजोबा, आबा, काठी पायाशी ठेवून बसले होते. त्यांची गोष्ट चालू होती. तरुणपणी त्यांनी मंगरूळपीरच्या बाजारात एक बैल विकला होता आणि तो बैल दावं तोडून घरी परत आला होता. मला पाणी दिलं, चहा ठेवला, पण गोष्ट थांबली नाही. घरच्यांनी ती शंभरदा ऐकली असणार. गजाननभाऊ जुड्या मोजत होते, शीतलचा भाऊ मोबाईलमध्ये होता.

"मंग म्या त्याले दावं लावलं..."

"हं," शीतल म्हणाली. हात मेथीत, नजर मेथीत.

"...अन् घेनाऱ्याच्या हातात देल्लं. तं बैलानं असं वळून पाह्यलं मायाकडे..."

"हो वं माय."

"...म्या मान फिरवली."

"हंऽऽ."

मी चहाचा कप खाली ठेवला. प्रत्येक हुंकारा वेगळा होता आणि प्रत्येक बरोबर जागेवर पडत होता. तेवढ्यात तिच्या आईनं तिला दोरा मागितला आणि एक हुंकारा चुकला. आबा थांबले. "का वं, झोपली काय?" शीतलनं "नाई नाई, आबा, सांगा" म्हटल्यावरच बैल पुढे चालला. गोष्ट ऐकताना कोणीतरी हुंकारा द्यायलाच पाहिजे, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही, हे आपल्याकडचं जुनं चालत आलेलं. इतकी वर्षं मी जपानमधून जे आणायची धडपड करत होते, ते शिरपूरच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसलं होतं.

"शीतल," मी म्हटलं, "हेच. त्या बाईंना हेच पाहिजे होतं."

"मोठ्या मानसाच्या बोलन्यात हुंकारा? साळंत तं मार बसत होता."

"तिकडे न दिल्यावर बसतो."

मग आम्ही तिथंच सुरू केलं. आबांनी वऱ्हाडीत गोष्ट सांगायची आणि शीतलनं हुंकारा जपानीत द्यायचा. आबांना आधी विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "कोन्त्याबी भाषेत दे, पन जागेवर दे." बैल पुन्हा मंगरूळपीरच्या बाजारात गेला. "हाय," शीतल म्हणाली. "ए... सोऽ देस का." म्हणजे 'हो... असं होय का.' आबांना काही खटकलं नाही. उलट बैल परत यायच्या जागी तिनं जो लांब, श्वास ओढलेला "हेऽऽ" दिला, त्यावर ते इतके खुलले, की त्या दिवशी बैलानं एक नदी जास्तीची ओलांडली. गजाननभाऊंचे हात जुडीवर थांबले होते.

"अर्धी हळद वावरातच हाय अजून," ते कोणाकडेच न पाहता म्हणाले. "पावन्याईले आठ दिस थांबा म्हनतो."

दुसरी मुलाखत बर्फाच्या मुलखातल्या एका लहानशा आश्रमाच्या प्रमुखांनी घेतली. साठीचे गृहस्थ, थोडे थकलेले. त्यांनी आश्रमाबद्दल सांगायला सुरुवात केली. शीतलची नजर या वेळी वर होती. "हाय." "ए." "सोऽ देस का." दोन-तीन मिनिटांत गृहस्थांचे खांदे सैल झाले. ते आश्रमावरून गावावर आले, गावावरून आपल्या आईवर. आई त्याच आश्रमात होती आणि आता त्यांना ओळखत नव्हती. शीतलनं तिथे काही म्हटलं नाही, फक्त खालच्या सुरात "हंऽ" केलं. तो आबांच्या "म्या मान फिरवली"वरचा हुंकारा होता, मला ओळखू आला. माझे डोळे भरले आणि मी कॅमेऱ्यात नव्हते हे बरं झालं. गृहस्थ अर्धा तास बोलले आणि प्रश्न विचारायचे विसरले. शीतल मोजून दहा वाक्यं बोलली असेल. निरोप आला, मुलगी घेतली, आणि तिचं जपानी बोलणं फार सुंदर आहे.

हळदीचा शेवटचा वाफा निघायच्या आत निरोप आला होता. गजाननभाऊ वाशीमला आले ते हळदीची पिशवी घेऊनच. नवऱ्यानं ती माझ्या आधी ताब्यात घेतली.

त्यानंतर हुंकारा हा माझ्या क्लासचा पहिला धडा झाला, अक्षरांच्याही आधी. मी पोरांना घरून एक गोष्ट आणायला सांगायची. कोणी भुताची आणायचं, कोणी काकानं विहिरीतून बकरी काढल्याची. एकानं सांगायची, बाकीच्यांनी हुंकारा द्यायचा. आधी वऱ्हाडीत, मग तोच आवाज जपानीत. मुलाखतीत नंतर फार कमी पोरं पडली. या कामात मला समाधान मिळालं ते असं.

रुखरुख एकाच गोष्टीची राहिली, तीही सांगते. शीतल गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी शिरपूरला गेले. अंगणात तसाच ढीग, तशाच जुड्या. आबा खाटेवर गप्प बसले होते. मी म्हटलं, आबा, बैलाची गोष्ट सांगा की. ते म्हणाले, "सांगू कोनाले?" कुरकुर नव्हती, सरळ उत्तर होतं. शीतलची आई स्वयंपाकात, भाऊ मोबाईलमध्ये. गजाननभाऊ हळूच म्हणाले, "मी देतो हुंकारा, मॅडम. पन मले जमत नाई. मले झोप लागते." तिकडच्या म्हाताऱ्यांना ऐकणारं माणूस मी इथून उचलून दिलं होतं, आणि इथल्या म्हाताऱ्याची गोष्ट बाजारातच अडकून पडली होती.

शीतलला मी हे फोनवर सांगितलं. मग आम्ही दोघींनी एक ठरवलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे दुपारचा चहा होतो, तेव्हा तिकडे आश्रमातली रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. त्या वेळी ती फोन लावू लागली. आश्रमातल्या बैठकीच्या खोलीत रेंज चांगली मिळते म्हणून तिथून. मी मुद्दाम एकदा त्या वेळी गेले. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. आबा सांगत होते, आणि हुंकारा येत होता, पण उशिरा. हवेतून इतक्या लांबून यायचा. आबा प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, मान तिरकी करून वाट पाहायचे, आणि "हं" आला की पुढे जायचे. असा बैल फार सावकाश चालत होता, पण चालत होता.

"तं बैलानं असं वळून पाह्यलं मायाकडे..." आबा थांबले.

"हंऽ," शीतलचा आला. आणि त्याच्यापाठोपाठ आणखी एक आला, जाडसर, थरथरता, म्हातारा. "होऽऽ."

आबांनी मान सरळ केली. "हा दुसरा कोनाचा वं?"

"एक आजीबाई हाय, आबा. माया बाजूले येऊन बसली. रोज कोनाशी बोलत नाई ते."

"तिले मराठी समजते काय?"

"एक शबद नाई."

"मंग जागेवर कशी देऊन राह्यली?"

आबांनी टोपी नीट केली, काठी बाजूला सारली आणि खाटेवर फोनच्या जवळ सरकले. बैल त्या वेळी अर्ध्या वाटेवर आला होता. पण आबांनी घसा खाकरला आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. आजीबाईंनी सुरुवात ऐकली नव्हती.